मुख्य तक्रार

पहाटे 5

खडवलीत राहणाऱ्याचा दिवस गाडी ठरवते. कल्याणहून सुटलेल्या बऱ्याच लोकल टिटवाळ्यालाच संपतात. आमच्या वाट्याला येतात त्या आसनगावच्या आणि कसाऱ्याच्या. सकाळची एक चुकली, की पुढचीची वाट बघत फलाटावर उभं राहायचं आणि तिकडे रात्रपाळीची सिस्टर ताटकळणार. म्हणून पाचला उठून कुकर लावते, डबा भरते, युनिफॉर्म पिशवीत घालते. पावसाळ्यात भातसा फुगली असेल तर घरातून निघतानाच पाण्याचा आवाज कानावर येतो.

मी कल्याणच्या एका खासगी रुग्णालयात मानसोपचार विभागात नर्स आहे. पुढे ज्या मुलाबद्दल लिहिलं आहे त्याचं वय, गाव, घरची माहिती मी बदलली आहे. तो माझ्याशी जे बोलला ते विश्वासाने बोलला. तो विश्वास जपणं हा माझ्या कामाचाच भाग आहे.

सकाळी 7.45

रात्रपाळीची सिस्टर फाइल हातात घेऊन उभी. एकेका बेडचा हँडओव्हर भराभर चालला होता. सहा नंबरला ती थांबली.

"काल रात्री आणलाय. वय 22. तीन रात्री झोप नाही, जेवण नाही. फादर म्हणतात, मोबाइल द्यायचा नाही, कुणाला भेटू द्यायचं नाही." मग आवाज उतरवून, "तो तसला प्रॉब्लेम आहे, सिस्टर."

मानसोपचाराच्या केसपेपरवर 'मुख्य तक्रार' असा एक रकाना असतो. आम्ही त्यात दोन नोंदी करतो: एक रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत, दुसरी त्याला घेऊन आलेल्या माणसाच्या शब्दांत. दोन्ही लागतात, कारण कधी रुग्णाला आपल्याला काय होतंय ते सांगता येत नाही, तर कधी घरच्यांना दिसतं ते अर्धवट असतं. या कागदावर दुसरी नोंद होती: "मुलांशी संबंध. लग्नाला नकार. सुधारणा हवी." पहिल्या नोंदीची जागा कोरी होती.

मागे ॲडमिशनचा फॉर्म लावलेला होता. सही वडिलांची. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नाही म्हणून नातेवाइकाच्या अर्जावरून दाखल, असा तो फॉर्म होता. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 मध्ये याला कलम 89 आहे आणि त्याच्या अटी कडक आहेत. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायला हवं, आजार इतका गंभीर हवा की माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला अपाय करेल, किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकणार नाही. वडिलांची काळजी कितीही खरी असली तरी ती या अटींच्या जागी चालत नाही.

सकाळी 8.30

गोळ्यांची ट्रॉली घेऊन त्याच्यापाशी गेले. भिंतीकडे तोंड करून बसला होता. उशाशी प्लास्टिकची पिशवी, त्यात आधीच्या डॉक्टरने दिलेली औषधं. एक पट्टी झोपेच्या गोळ्यांची. दुसरी त्या गोळ्यांची, ज्या आम्ही भास होणाऱ्या, भ्रमात असणाऱ्या रुग्णांना देतो. त्याला भास होत नव्हते. भ्रमही नव्हता. किती वाजले, कोणता वार, आपण कुठे आहोत, सगळं नीट सांगत होता.

पाण्याचा पेला हातात दिला तेव्हा बोटं वळत नव्हती. बोलताना जीभ जड येत होती. पाय मात्र सारखे हलत होते. बसला की उठावंसं वाटायचं, उठला की येरझारा. तीन रात्रींच्या जागरणात या दुसऱ्या पट्टीतल्या औषधाचाही हात असणार, हे मनोरुग्णांसोबत काम केलेल्या कुठल्याही नर्सच्या लक्षात येईल. घरच्यांना ते कसं कळावं? त्यांना वाटत होतं, मुलगा 'जास्तच बिघडला'.

मी पल्स, बीपी घेतलं, हाताचा ताठरपणा आणि पायांची अस्वस्थता नोंदवली, सकाळचा डोस थांबवला आणि आमच्या डॉक्टर सरांना फोन लावला. "बरोबर केलंत, मी येतोय," ते म्हणाले.

बाहेरून लोकांना वाटतं, उपचार डॉक्टर करतात. आत काम करणाऱ्यांना माहीत असतं, की कागदावरची ऑर्डर रुग्णाच्या शरीरात जाते ती नर्सच्या हाताने. गोळी दिली की चार्टवर वेळेसमोर सही कुणाची होते? माझी. इंजेक्शन देताना हात धरून ठेवा असं वॉर्डबॉयला कोण सांगतं? मीच. म्हणून कन्व्हर्जन थेरपीचा, म्हणजे माणसाची लैंगिक आवड किंवा लिंगओळख 'दुरुस्त' करण्याच्या उपचारांचा, प्रश्न फक्त डॉक्टरांच्या नीतीचा आहे असं मला कधीच वाटलं नाही.

सकाळी 9.15

स्टूल ओढून बसले. दार अर्धं लावलं, वडिलांना चहाला पाठवलं. आम्हाला शिकवतात, आधी झोप-भूक विचारा, मग हळूहळू पुढे जा. तसंच गेले. झोप नाही. घास उतरत नाही. छातीत धडधडतं. मग जो प्रश्न विचारायला नव्या मुली कचरतात तो सरळ शब्दांत विचारला: जगू नये असं वाटतं का? त्याने हो म्हणून मान हलवली. कधीपासून, काही ठरवलं होतं का, आत्ता या क्षणी वाटतंय का, हे सगळं विचारलं. असा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार जात नाही. कुणीतरी विचारलं, एवढ्यानेच माणूस मोकळा होतो.

मे 2020 मध्ये गोव्यात केरळच्या एका 21 वर्षांच्या विद्यार्थिनीने जीव दिला. त्याआधी तिने एका व्हिडिओत सांगितलं होतं, की घरच्यांनी तिला 'बरं' करण्यासाठी कुठे कुठे नेऊन ठेवलं, कसली औषधं दिली. मल्याळम मला समजत नाही. त्या मजकुराचा अनुवाद वाचला तेव्हापासून, अशा कारणासाठी आणलेल्या प्रत्येक मुलामुलीच्या बाबतीत माझी पहिली नजर जिवाच्या धोक्यावर जाते.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "सिस्टर, मला बदलायचंय. खरंच. तुम्ही काहीही करा."

यापेक्षा अवघड वाक्य या कामात मी क्वचित ऐकलं आहे. वडील मागतात तेव्हा नाही म्हणणं तुलनेने सोपं. रुग्ण स्वतः मागतो तेव्हा? रुग्णाच्या इच्छेचा मान राखा, हे तर आमच्या नीतिनियमांत पहिल्या काही ओळींत येतं. पण इच्छा ऐकणं म्हणजे शब्द उतरवून घेणं एवढंच नाही. ती कुठून आली तेही ऐकावं लागतं.

मी विचारलं, "बदललास तर काय वेगळं होईल?"

"बाबा बोलतील माझ्याशी."

म्हणजे त्याला हवं होतं ते वडिलांचं बोलणं. त्यासाठी तो स्वतःचं काहीही कापून द्यायला तयार होता. शिवाय जे मागत होता ते देणारं औषध जगात कुठल्याच दुकानात नाही. ही आवड बदलल्याचा भरवशाचा पुरावा नाही. असे उपाय सोसलेल्यांमध्ये नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढल्याचा पुरावा मात्र आहे. जी गोष्ट होत नाही ती करून देतो म्हणणं, तेही जगणं नकोसं झालेल्या मुलाला, ही फसवणूक आहे. आणि त्याच्या 'हो'ची ढाल करून ती करणं हे मला अधिकच वाईट वाटतं.

मी त्याला एवढंच सांगितलं: झोप परत आणता येईल, हात मोकळे होतील, ही धडधड थांबवता येईल. तुला जे आवडतं तो आजार नाही, म्हणून त्याला औषध नाही. बाबांशी आम्ही बोलू.

केसपेपरवरची रिकामी जागा त्याच्याच शब्दांत भरली. "झोप येत नाही. भीती वाटते. जगू नये असं वाटतं." लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. बरोबर आहे म्हणाला.

सकाळी 10.30

सरांचा राऊंड. त्यांनी आधीची औषधं बंद केली, ताठरपणा उतरण्यासाठी वेगळी गोळी लिहिली, नैराश्याचे उपचार सुरू केले आणि दर पंधरा मिनिटांनी लक्ष ठेवायला सांगितलं. मग वडिलांना केबिनमध्ये बोलावलं. मुलाला आधी विचारून घेतलं, काय सांगू आणि काय नको. हे महत्त्वाचं, कारण कायद्याच्या कलम 23 प्रमाणे रुग्णाची माहिती गोपनीय असते, आणि 22 वर्षांच्या माणसाची माहिती केवळ बाप आहे म्हणून बापाच्या हातात देता येत नाही.

वडिलांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. आधीच्या डॉक्टरचा. त्यावर निदानाच्या जागी लिहिलं होतं: एफ 66.1. "आजार नाही तर हा नंबर कशाला दिलाय, साहेब?"

प्रश्न चुकीचा नव्हता. 17 मे 1990 रोजी जागतिक आरोग्य परिषदेने मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत, म्हणजे दहाव्या आवृत्तीत, समलैंगिकता हा आजार राहिला नाही. पण त्याच आवृत्तीत एक फट राहून गेली. आपली आवड स्वतःलाच नकोशी वाटत असेल तर त्याला एफ 66.1 हा क्रमांक दिला होता. आवड हा स्वतः विकार नाही, असं तिथे लिहिलेलं होतं. तरी ज्यांना 'उपचार' करायचे होते त्यांना तो क्रमांक पुरला. घरचे, शेजारी, शाळा सगळे मिळून मुलाला स्वतःची किळस करायला लावतात आणि मग त्या किळशीलाच आजार म्हणून क्रमांक मिळतो. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत हा अख्खा गट काढून टाकला आहे. आपल्याकडच्या कागदांवर जुने क्रमांक अजून दिसतात.

सरांनी हे सगळं सोपं करून सांगितलं. वडील ऐकत होते, पण चेहऱ्यावरून वाटत होतं की शब्द वरून जातायत. शेवटी ते म्हणाले, "साहेब, गावात तोंड कसं दाखवू?"

हीच खरी तक्रार होती, आणि ती त्यांची होती. कायद्याच्या कलम 3 मध्ये अगदी हेच लिहिलं आहे: समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक समजुतींशी एखाद्याचं जुळत नाही, म्हणून त्याला मानसिक आजार आहे असं ठरवता येत नाही. पण या माणसाला मी कलम काय सांगणार? रिक्षा चालवून पोराला शिकवलेलं, आधी एका बाबाकडे पैसे घातलेले, मग गोळ्यांवर. त्यांना दुष्ट ठरवून माझं काम संपत नाही. मी त्यांच्यासोबत पायरीवर बसले. मुंबईत 'स्वीकार' नावाचा पालकांचा गट आहे, ज्यांची मुलं समलैंगिक किंवा ट्रान्स आहेत अशा आई-बापांचा. त्यांचं नाव लिहून दिलं. "तिथे तुमच्यासारखे बाप भेटतील," म्हटलं. कागद त्यांनी घेतला. फेकला नाही, एवढं मी पाहिलं.

दुपारी 12

फॉर्मचा विषय काढला तेव्हा ऑफिसमधून उत्तर आलं, "सिस्टर, कशाला फाटे फोडता? फादरची सही आहे, बिल फादर भरतायत." हे उत्तर कुठेही ऐकू येतं. बिल जो भरतो तो गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाची इच्छा म्हणजे उपचार, अशी समजूत खासगी सेवेत रुजली आहे. कन्व्हर्जन थेरपी आज त्या नावाने फारसं कुणी करत नाही. ती 'समुपदेशन' म्हणून होते, 'घरच्यांची विनंती' म्हणून होते, झोपवून ठेवणं आणि फोन काढून घेणं अशी होते.

सर आमच्या बाजूने होते म्हणून निभावलं. त्यांनी परत तपासलं, मुलगा निर्णय घेऊ शकतो असं लिहिलं. मुलाने स्वतःच्या सहीने, कलम 86 खाली, राहायला होकार दिला. आता त्याला जायचं असेल तर तो मागणी करू शकतो. जिवाच्या धोक्यामुळे तपासणीसाठी फार तर 24 तास थांबवता येतं. हेही त्याला सांगितलं. ऐकल्यावर तो पहिल्यांदा पलंगावर पाय पसरून बसला.

फोन परत दिला. कलम 26 मध्ये रुग्णाला ठरावीक वेळी फोन करण्याचा, भेटायला येणाऱ्यांना भेटण्याचा आणि नको असेल तर नाही म्हणण्याचा हक्क आहे. त्याने कुणाला तरी फोन केला. कुणाला, ते मी विचारलं नाही. नंतर अर्धी वाटी वरणभात खाल्ला. ते मात्र मी वेळेसकट चार्टवर लिहिलं.

दुपारी 2.30

हँडओव्हर संपवून नर्सिंगच्या विद्यार्थिनींचा तास. मानसोपचाराच्या पोस्टिंगला आलेल्या मुली. सहा नंबरबद्दल त्यांना काही सांगितलं नाही. विषय ठेवला, 'ऑर्डर आणि नर्स'.

टॉमी डिकिन्सन हे ब्रिटनमधले नर्सिंगचे अभ्यासक. 'क्युअरिंग क्विअर्स' हे त्यांचं पुस्तक 2015 मध्ये आलं. 1935 ते 1974 या काळात तिथल्या मनोरुग्णालयांत समलैंगिक पुरुषांवर जे उपचार झाले ते देणाऱ्या नर्सेसच्या आणि सोसणाऱ्या रुग्णांच्या मुलाखतींवर ते आधारलेलं आहे. पुरुषांची चित्रं दाखवायची आणि त्याच वेळी ॲपोमॉर्फिनच्या इंजेक्शनने ओकाऱ्या काढायला लावायच्या. किंवा विजेचा झटका द्यायचा. 1962 मध्ये लष्करातल्या एका तरुण कॅप्टनचा या इंजेक्शनांनी जीव गेला. हे देणाऱ्या बऱ्याच नर्सेसना वाटत होतं, आपण रुग्णाचं भलंच करतोय, डॉक्टरांना जास्त कळतं. थोड्या होत्या ज्यांनी औषध दिल्यासारखं केलं आणि दिलं नाही.

"पण सिस्टर, ते खोटं लिहिणं झालं," एक मुलगी म्हणाली. तिचं म्हणणं मला आवडलं. त्या नर्सेसकडे दुसरा मार्ग नव्हता. त्यातली बहुतेक वर्षं त्यांच्या देशात पुरुषांमधले समलैंगिक संबंध हा गुन्हा होता. आपल्याला लपूनछपून काही करायची गरज नाही. डोस दिला नाही तर 'दिला नाही' असं कारणासकट लिहायचं, खाली सही करायची आणि वर कळवायचं. कागदावरचा उघड नकार पुढच्या पाळीच्या सिस्टरलाही धीर देतो.

परदेशाची गोष्ट म्हणून मुली सुटकेचा श्वास टाकतात, म्हणून घराजवळचंही सांगते. केतकी रानडे यांनी पश्चिम भारतात असे 'बदलण्याचे' उपचार कसे होतात याचा अभ्यास केला, तो 2009 मध्ये पॉप्युलेशन कौन्सिलने प्रसिद्ध केला. म्हणजे हे आपल्याच डॉक्टरांच्या केबिनमध्ये होत होतं. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून सज्ञानांचे संमतीचे समलैंगिक संबंध वगळले. त्याच वर्षी इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने समलैंगिकता हा आजार नाही असं जाहीर केलं. 7 जून 2021 ला मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी लैंगिक कल बदलण्याच्या वैद्यकीय प्रयत्नांना मनाई केली. विषय आपल्याला समजत नाही असं वाटल्यावर त्यांनी आधी स्वतः मानसतज्ज्ञाकडे बसून तो समजून घेतला होता. न्यायमूर्ती हे करू शकतात तर आपण का नाही, असं मी मुलींना विचारते. त्याच खटल्यातून पुढे 25 ऑगस्ट 2022 ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सगळ्या राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं, की कन्व्हर्जन थेरपी हे व्यावसायिक गैरवर्तन आहे.

"त्यात नर्सेस आहेत का?" दुसरीने विचारलं. त्या पत्रात डॉक्टरांबद्दल लिहिलं आहे. आणि इथे माझं ठाम मत आहे: जिच्या हाताने हे होतं तिच्यासाठीही असाच स्पष्ट शब्द हवा, 'हे करायचं नाही, आणि नकार दिला म्हणून नोकरी जाणार नाही' असा. मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आरोग्य नर्सची वेगळी व्याख्या केली आहे. म्हणजे आमची जबाबदारी कायद्याला ठाऊक आहे. मग संरक्षणही त्याच भाषेत मिळायला हवं. खासगी वॉर्डात एकटी असलेली नवी सिस्टर रात्री दोनला कुठल्या कागदावर बोट ठेवून नाही म्हणेल?

पुस्तकंही बदलायला हवीत. 31 ऑगस्ट 2024 ला वैद्यकीय अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा 'अनैसर्गिक गुन्ह्यां'खाली आले होते, टीका झाल्यावर 5 सप्टेंबरला तो अभ्यासक्रम मागे घेतला गेला. पाच-सहा दिवसांचीच गोष्ट, पण जुनं कसं दाराशीच उभं असतं ते त्यात दिसलं.

संध्याकाळी 5.30

कसारा लोकल, बसायला जागा नाही. आंबिवलीनंतर जरा हवा लागली.

संध्याकाळी 7

खडवलीत मी नर्स आहे हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे संध्याकाळी कुणी ना कुणी येतंच. बहुतेक बीपी मोजायला. आज मागच्या गल्लीतल्या काकू आल्या. बीपी झालं तरी उठेनात.

"ताई, एक विचारायचं होतं. आमच्या नात्यात एक मुलगी आहे..." नातं कुठलं ते त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं, मी विचारलं नाही. मुलगी लग्नाला तयार नाही. मैत्रीण आहे. घरच्यांनी ठरवलंय, एकदा लग्न लावून दिलं की सुधारेल. नाहीतर कुणीतरी सांगितलंय एका ठिकाणाबद्दल, महिनाभर ठेवून घेतात आणि बरी करून पाठवतात.

मुलींच्या बाबतीत 'उपाय' म्हणजे बहुतेक वेळा लग्नच. केसपेपरच नसतो, म्हणून कुठल्याही नोंदीत ते दिसत नाही. नको असलेल्या नवऱ्याबरोबर रोजची रात्र काढायला लावणं याला कुणी उपचार म्हणणार नाही. पण हेतू तोच असतो.

"काकू, ती स्वतः काय म्हणते?"

"तिला कोण विचारतंय?"

मी त्यांना सांगितलं, त्या ठिकाणी अजिबात पाठवू नका. कुलूप लावून ठेवणं, मारणं, उपाशी ठेवणं हे कुठेही झालं तरी गुन्हा आहे. लग्नाची घाई करू नका, त्यात दुसऱ्याच्या मुलाचंही आयुष्य अडकतं. हे त्यांना पटकन पटलं. झोपत-जेवत नसेल, गप्प गप्प असेल, तर ते मात्र दाखवायला हवं. 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर मराठीतही बोलतो, पैसे लागत नाहीत. समलैंगिकांसाठी काम करणारे पुण्याचे बिंदुमाधव खिरे, मुंबईचा हमसफर ट्रस्ट, ही नावंही दिली.

काकूंनी नंबर पिठाच्या पिशवीच्या कागदावर लिहून घेतला. "ते घरी फोन नाही ना करत? ह्यांना कळलं तर..."

"तिने तिच्या फोनवरून करायचा. तिला हवा असेल तेव्हा."

"आणि तुमच्याकडे आणली तर?"

"रविवारी मी घरी असते. तिची इच्छा असेल तर येऊ दे, एकटी आली तरी चालेल. ओढून आणू नका."

त्या बऱ्याच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एकटीच येईल मग. मी असले की बोलत नाही ती."

रविवारी दुपारी यायचं ठरलं. तीननंतर, कारण त्याआधी काकूंच्या घरी सगळे जागे असतात.